घोड्याला कोर्स दाखवत नाहीत

काल रात्रीच लिहायला बसणार होते पण डोकं इतकं भरलेलं होतं की एक ओळ धड सुचेना, म्हणून आज. काल क्रॉस-कंट्री होती, म्हणजे इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या खेळातली मोकळ्या रानातून अडथळे पार करत पळायची फेरी, तीही फाइव्ह स्टारची, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीची, आणि मी लॅपटॉपसमोरून जवळपास पाच तास हलले नाही, शेवटचा तासभर तर उभ्यानेच बघितलं कारण बसून बघवतच नाही. भाचा आलाय राहायला, दहा वर्षांचा. तो आधी मोबाइलमध्ये होता, मग हळूच मान वळली, मग येऊन शेजारी टेकला, आणि मग प्रश्न सुरू.

तेव्हा स्क्रीनवर आदल्या दिवशीचं दाखवत होते, रायडर लोक कोर्स पायी चालून बघतायत ते. मी आपली कौतुकाने सांगत होते, की बघ, हे लोक तीन-तीन चार-चार वेळा पूर्ण कोर्स चालतात, साडेसहा किलोमीटरच्या आसपास असतो, दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात, घोड्याची एक ढांग म्हणजे आपली चार पावलं असा हिशोब, जमीन कुठे उतरतेय, ऊन कुठून डोळ्यावर येईल, कुठल्या झाडाच्या रेषेत वळायचं, सगळं पाठ करून ठेवतात.

"मग घोडा कधी चालून बघतो?"

"घोड्याला नाही दाखवत रे."

"म्हणजे त्याला माहितीच नाही पुढे काय आहे ते?"

"नाही."

"मावशी, हे चीटिंग आहे."

आता गंमत अशी की हे मला चांगलं माहीत होतं, नियमच आहे तो, स्पर्धेआधी घोड्याला अडथळे दाखवायचे नाहीत. पण नियम म्हणून माहीत असणं वेगळं आणि दहा वर्षांच्या पोराने तोंडावर चीटिंग म्हणणं वेगळं. त्यानंतर जो जो घोडा स्टार्ट बॉक्समधून सुटला त्याच्याकडे मी त्याच नजरेने बघत बसले, की याला काहीच माहीत नाहीये.

मी हा खेळ बघायला लागले ते टोकियो ऑलिम्पिकपासून, 2021 मध्ये, कारण आपला, भारताचा फवाद मिर्झा खेळत होता. तोपर्यंत इव्हेंटिंग म्हणजे काय हे विचारलं असतं तर मी घोड्यांची रेस असं काहीतरी ठोकून दिलं असतं. तीन परीक्षा असतात, आधी ड्रेसाज म्हणजे ठरलेल्या चाली चौकोनात करून दाखवायच्या, मग क्रॉस-कंट्री, मग शो जंपिंग म्हणजे मैदानात पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या, तिन्हीला घोडा तोच आणि रायडर तोच, आणि गुण मिळवायचे नसतात तर दंड कमी ठेवायचा असतो, सगळ्यात कमी दंड तो जिंकला. मिर्झाचा ड्रेसाजचा स्कोअर होता 28, नवव्या नंबरवर होता, मग क्रॉस-कंट्रीत त्याने एकही अडथळा चुकवला नाही पण ठरलेल्या वेळेपेक्षा 28 सेकंद उशीर झाला, सेकंदाला 0.4 या दराने 11.20 दंड, आणि एकदम बाविसावा. शेवटी तेविसावा आला. तेव्हा मला फार राग आला होता की एवढं सगळं नीट करून 28 सेकंदांसाठी कसली शिक्षा. आता कळतं की सगळा खेळ त्या सेकंदांतच आहे. दहा सेकंद उशीर म्हणजे शो जंपिंगमधला एक दांडा पाडल्याइतकं नुकसान. घोड्याने एकदा उडी नाकारली तर 20, म्हणजे पन्नास सेकंद. आणि रायडर पडला की विषयच संपला, घरी.

ड्रेसाजबद्दल फार लिहीत नाही, आमच्या भाच्याने त्या भागाला "घोड्याची कवायत" म्हणून निकालात काढलं. पण एक गोष्ट मला दर वेळी थक्क करते. अकरा-बारा मिनिटं भरधाव पळायला तयार केलेला घोडा असतो तो, 500 किलोच्या वरचं धूड, अंगात वाफ कोंडल्यासारखी झालेली, आणि त्याला म्हणायचं की आता 60 बाय 20 मीटरच्या चौकोनात ये आणि पुढचे दोन आणि मागचे दोन पाय जोडीजोडीने एका रेषेत ठेवून पुतळ्यासारखा उभा राहा. पॅरिस ऑलिम्पिकला 2024 मध्ये जर्मनीच्या मिखाएल युंगने चिपमंक या घोड्यावर हे असं काही केलं की दंड फक्त 17.8. म्हणजे शंभरातले ब्याऐंशीच्या वर गुण, उरलेले दंडात. पुढे एक दांडा पडला, 21.8 वर संपवलं, दुसरा आलेला क्रिस्टोफर बर्टन 22.4 वर होता. वैयक्तिक तिसरं सुवर्ण, असं इव्हेंटिंगमध्ये आधी कोणीच केलं नव्हतं. आणि हाच युंग, हाच घोडा, टोकियोत एका अडथळ्याची पिन मोडली म्हणून 11 दंड खाऊन आठवा आला होता.

ती पिन काय असते हे भाच्याला सांगताना मला स्वतःलाच जरा कसंतरी झालं. क्रॉस-कंट्रीचे अडथळे शो जंपिंगसारखे पडणारे नसतात, चांगले जाडजूड ओंडके असतात, 1.20 मीटरपर्यंत उंच, वर झुडपं लावलेली असतील तर 1.45. घोड्याचे पुढचे पाय अडकले तर घोडा स्वतःवरून उलटून येतो, आणि रायडर खाली. लोक मेलेत असे, घोडेही मेलेत. म्हणून आता कित्येक अडथळ्यांना मोडणारी पिन किंवा क्लिप बसवतात, ठराविक जोर आला की अडथळाच खाली बसतो. त्याला 11 दंड. रायडर लोक त्या 11 वरून कुरकुर करतात, घोड्याचा पाय जेमतेम लागला तरी मोडते म्हणतात, असेलही, पण मला तो दंड कधीच जास्त वाटला नाही.

आणि घोडा पळताना काय बघतो हे वाचल्यापासून तर माझी झोप उडालीय. घोड्याचे डोळे बाजूला, त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोर आणि नाकाखाली आंधळा भाग असतो. उडी मारायच्या क्षणी अडथळा त्या आंधळ्या भागात गेलेला असतो. म्हणजे जरा आधी जे दिसलं त्या आठवणीवर तो उडतो. आणि पलीकडे काय आहे ते तर आठवणीतही नाही. इंग्लंडमधल्या बर्लीच्या फाइव्ह स्टार स्पर्धेत कॉट्समोर लीप म्हणून एक अडथळा आहे, खाली खंदक एवढा की त्यात अख्खी गाडी मावते, त्याच्यावरून झेपावायचं. तिथेच लीफ पिट आहे, कड्यावरून खाली उडी टाकायची, घोडा कडेला पोचेपर्यंत त्याला खालची जमीन दिसतच नसणार. कॉमेंट्रीवाले म्हणतात काय शूर घोडा आहे. मला कळत नाही, शूर म्हणायला समोर काय आहे ते आधी ठाऊक नको का? हे शौर्य नाही, हे उधारीवर चाललंय, वर बसलेल्याला माहीत आहे ना, मग ठीक असेल, एवढ्यावर.

म्हणूनच बहुतेक, ते नकार देतात तेव्हा मला हल्ली वाईट वाटत नाही. काल एक सुंदर काळीभोर घोडी पाण्याच्या अडथळ्याशी आली, आधी ओंडका, मग पाण्यात उडी, मग पाण्यातच अरुंदसा अडथळा, आणि ती ओंडक्यापाशी येऊन चारही पाय रोवून उभी राहिली. रायडर गळ्यात पडली तिच्या, कशीबशी मांड सावरली. 20 दंड. भाचा टाळ्या वाजवायला लागला. "बरोबर केलं तिने! आधी सांगायला पाहिजे ना पाण्यात जायचंय ते!" मी हसले पण खरंच, अख्ख्या तीन दिवसांत तिला मत मांडायची तेवढी एकच सोय आहे. दुसऱ्यांदा आणली, लांबच्या वाटेने, तर गेली बाई. टुणकन. कान पुढे करून गेली, जसं काही झालंच नव्हतं.

आणि मग तो एक जण, ज्याच्यासाठी खरंतर मी हे लिहायला घेतलंय.

ड्रेसाजनंतर पहिल्या पाचात होता. घोडा मोठा, बदामी, सुरुवातीची सहा-सात मिनिटं असा पळत होता की मी मनातल्या मनात त्याला जिंकवूनच टाकलं होतं. मनगटावरच्या मोठ्या घड्याळाकडे रायडरने एकदा बघितलं, वेळेत होता, दोन सेकंद पुढेच. मग एका उडीनंतर काहीतरी बदललं. पाय अडकला नाही, घसरला नाही, काही नाही, फक्त पुढची उडी जरा खालून गेली, त्याच्या पुढची अजून. कॅमेऱ्याला दिसत नव्हतं, मला तर नाहीच, पण वरच्याला मांडीखाली काहीतरी लागलं असणार. चढावर त्याने लगाम आवरला, दुडकीवर आणलं, मग चालीवर, आणि हात वर केला. रिटायर. शेवटचे सात-आठ अडथळे राहिले होते. घोडा अजून पुढे ओढत होता, त्याला जायचं होतं. रायडर खाली उतरला, खोगिराचा पट्टा सैल केला, आयाळीत हात घालून थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग दोघं चालत निघाले.

भाचा म्हणाला, "दमला का?"

मी म्हटलं, "दमायच्या आधी थांबवला."

"पण मग हरला ना."

हो, हरला. यादीत नावापुढे रिटायर असं येतं, बस. आणि कॅमेरा लगेच पुढच्या घोड्यावर गेला, जे मला नेहमी खटकतं, कोणी धाडकन पडलं की तीन-तीन वेळा स्लो मोशन दाखवतात आणि कोणी वेळेवर थांबलं तर दहा सेकंदसुद्धा नाहीत. न्यूझीलंडच्या मार्क टॉडची गोष्ट सगळे सांगतात, 1995 ला बॅडमिंटनला (हा खेळ नाही, इंग्लंडमधलं गाव, तिथली इव्हेंटिंगची स्पर्धा) त्याची एक रिकीब तुटली आणि उरलेला बहुतेक कोर्स त्याने एकाच रिकिबीवर काढला. पुढच्या वर्षी त्याच घोड्यावर, बर्टी ब्लंटवर, जिंकलाही. मला ती गोष्ट आवडते, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येतो. पण तिथे गैरसोय वरच्या माणसाची होती, खालच्याची नाही. हात वर करून थांबलेल्यांच्या गोष्टी अशा कोणी रंगवून सांगत नाही. न्यूझीलंडचाच अँड्र्यू निकल्सन 2017 मध्ये बॅडमिंटन जिंकला तो सदतिसाव्या प्रयत्नात, नेरियो या घोड्यावर. छत्तीस वेळा नाही जमलं. त्यातल्या किती वेळा तो असाच चालत परत आला असेल असं काल उगाच मनात आलं.

टोकियोत उलटं झालेलंही मी लाइव्ह बघितलंय. स्वित्झर्लंडचा जेट सेट नावाचा घोडा, शेवट अगदी जवळ आला असताना पायाचं लिगामेंट गेलं, तिथेच पडदा लावून अँब्युलन्समध्ये घातला आणि नंतर त्याला कायमचं झोपवावं लागलं. कुणाची चूक होती असं नाही म्हणत. पण त्या दिवसानंतर मी आठेक महिने हा खेळ बघितलाच नव्हता. मग परत का बघायला लागले याचं धड उत्तर माझ्याकडे नाहीये. मैत्रीण म्हणते तुला घोडे आवडत असतील तर हे बघूच नये, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही कारण अर्धी मी तिच्याच बाजूची आहे. उरलेली अर्धी त्या घोड्यांचे स्टार्ट बॉक्समधले कान बघते आणि गप्प बसते.

आज सकाळी शो जंपिंगच्या आधी तपासणी होती. घोड्याला हाताने धरून परीक्षकांपुढे दुडक्या चालीने पळवायचं, कुठे लंगडतोय का बघतात. काल एवढं होऊनसुद्धा सगळे असे चकचकीत, आयाळी वेणीत बांधलेल्या, याचं सगळं श्रेय त्या ग्रूम मंडळींचं, मोतद्दार हा आपला शब्द किती छान आहे खरंतर. रात्रभर बर्फाने पाय शेकायचे, शेकायचे नाही गार करायचे, चालवायचं, पुन्हा बर्फ. एकाला परीक्षकांनी बाजूला काढलं, पुन्हा पळवून बघितलं, पास केलं. मी इकडे श्वास धरून.

शो जंपिंगला भाचा निम्म्यातच कंटाळला. "इथले तर दांडे पडतात, मग काय मजा," म्हणाला, आणि परत मोबाइल. मग मध्येच मान वर करून विचारतो, "मावशी, तो कालचा बदामी कुठाय?"

"असेल तबेल्यात. गवत खात."

"त्याला माहितीये का, की अजून सात-आठ उड्या राहिल्या होत्या?"

"नाही रे. त्याला कोर्स दाखवलाच नव्हता ना."

"हां," म्हणाला, थोडा विचार केला. "मग त्याला वाटत असेल झालं पूर्ण."