बाटलीत साबण झाला

सगळ्यांना दिसावी म्हणून बाटली मी ट्यूबलाइटखाली धरली. वर करंजाच्या तेलापासून केलेलं पिवळं इंधन, म्हणजे बायोडिझेल, आणि तळाला काळपट ग्लिसरीन, असे दोन थर दिसायला हवे होते. आत होता एकच गोळा, खरवसासारखा थलथलीत. बाहेर पाऊस कोसळत होता. समुदाय भवनात चाळीसेक माणसं सतरंजीवर बसली होती आणि पुढच्या रांगेत माझेच नववीचे विद्यार्थी. "बाई, साबण झाला," त्यांतली एक मुलगी म्हणाली. तिचं बरोबर होतं. साबणच झाला होता.

मी मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात मराठी माध्यमाच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवते. बेळगावच्या पश्चिमेचा हा पट्टा, भात आणि रताळ्यांचा. १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन असतो. त्या सुमाराला लावणी उरकलेली असते, माणसं जरा मोकळी असतात. म्हणून ठरवलं, यंदा शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहून हा दिवस संपवायचा नाही, गावात बसून बोलायचं.

सुरुवात झाली होती एका पत्रकाने. बांधावर करंज लावा, असं सांगणारं ते पत्रक कन्नडमध्ये होतं. आमची मुलं कन्नड व्यवस्थित वाचतात. पण बांधावर काय लावायचं हे ठरवणारी माणसं साठीच्या पुढची आहेत, आणि त्यांचा हिशेब, त्यांच्या शंका, त्यांची भांडणं सगळी मराठीत चालतात. मुलांकडूनच मी ते मराठीत करून घेतलं आणि घरी मोठ्याने वाचलं. 'होंगे' म्हणजे करंज, हे ऐकल्यावर सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "हे तर दिव्याचं तेल की! रॉकेल मिळायचं नाही तेव्हा गोठ्यात हेच जळायचं. खरजेला पण हेच लावायचे." ज्या झाडाबद्दल मी त्यांना शिकवायला निघाले होते, ते त्यांना माझ्यापेक्षा पन्नास वर्षं आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी मी सभेची आखणी बदलली. आधी विचारायचं, मग सांगायचं.

शिमग्यानंतर सासूबाई, मी आणि चार मुलं, तीन दुपारी ओढ्याकाठच्या झाडांखाली शेंगा वेचत होतो. करंजाची शेंग चपटी आणि चिवट असते, नखाने उघडत नाही. दगडावर आडवी ठेवून कडेला ठोकावी लागते, तेव्हा आतून तांबूस, सुरकुतलेली एक बी निघते, क्वचित दोन. सोललेल्या बिया भरल्या बारा किलो. शहरातल्या घाण्यावर त्यांचं तेल निघालं पावणेतीन लिटर, आणि नऊ किलोच्या आसपास पेंड. तेल तांबूस-पिवळं, कडू वासाचं. घरात तो वास दोन दिवस राहिला.

हे तेल थेट इंजिनात घातलं तर चालत नाही असं नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण कच्चं तेल दाट असतं, ते इंधन फवारणाऱ्या नोझलला चिकटतं, कार्बन धरतं. म्हणून मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते पातळ करून घेतात. तेच बायोडिझेल. मिथेनॉल विषारी, त्यामुळे ते काम मी एकटीने, खिडक्या उघड्या ठेवून केलं, मुलांना लांब बसवून. चूक माझी होती. घाण्यावर नेईपर्यंत बिया महिनाभर पडवीत पोत्यात राहिल्या होत्या, ओल लागली होती. अशा बियांच्या तेलात सुटी आम्लं वाढतात आणि ती सोड्याशी मिळून साबण करतात. तेलातलं आम्ल आधी मोजायला हवं होतं.

हे सगळं मी सभेत जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यानंतरच खरी चर्चा सुरू झाली. बाटलीत दोन सुंदर थर दिसले असते तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि चहा पिऊन घरी गेले असते, असं मला अजून वाटतं.

"चांगलं आहे खरं, बिया वेचायच्या कुणी?" पहिला प्रश्न एका वयस्क शेतकऱ्याचा. दोन बायका, तीन दुपारी, पावणेतीन लिटर तेल, वर पोरांचे कष्ट फुकट. डिझेल तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास. हा हिशेब त्यांनी बोटांवर केला आणि मी फळ्यावर लिहिला. मजुरी धरली तर तेल परवडत नाही. मग त्यांनी मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, आठवण काढली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने डिझेलमध्ये मिसळायला त्या झाडाची शिफारस केली होती, आणि मग देशभर पडीक जमिनीवर तो लावायची लाट आली. पाण्याशिवाय त्याला फारशा बिया धरल्या नाहीत. "तसं करंजाचं होऊ नये," ते म्हणाले. कर्नाटकाच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात बांध आणि पडीक जमीन यांवरच भर आहे, खायच्या पिकाची जमीन घ्यायची नाही, हे मी सांगितलं. ते त्यांना पटलं. मजुरीचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

ते आलं बायकांकडून. स्त्रीशक्ती संघातल्या एकीने विचारलं, "पेंडीचं काय केलात?" करंजाची पेंड कडू, जनावरं तोंड लावत नाहीत. पण शेतात घातली तर नत्र मिळतं आणि वाळवी दूर राहते. मग बोलणं सगळं पेंडीवर गेलं. तेल हा जोडधंदा आणि पेंड हे मुख्य उत्पन्न, असा उलटा विचार कोणत्याही पत्रकात मी वाचलेला नव्हता.

इथेनॉलवर, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलवर, मात्र आवाज चढले. रायबागहून माझा मामेभाऊ आला होता. कृष्णेच्या पाण्यावर त्याचा ऊस आहे. इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा खेळतो आणि उसाचं बिल लवकर मिळतं, हे त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल होतं. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे की उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी लागतं. हा आकडा मी वाचला तेव्हा भाऊ गप्प झाला, मग म्हणाला, "पाणी तर साखरेला पण लागतंयच की." तेही खरं. मळीपासून केलेल्या इथेनॉलसाठी शेतात वेगळं पाणी लागत नाही, थेट रसापासून केलेल्याचं गणित वेगळं, इथपर्यंत आम्ही दोघं एकमेकांच्या जवळ आलो. गावातली पोरं गाडीच्या ॲव्हरेजवर अडली होती. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्के मिश्रणात ॲव्हरेज थोडं पडणार, हे त्यांना सरळ सांगायला हवं. ते न सांगता नुसतं 'हिरवं इंधन' म्हणत राहिलं तर लोकांचा पुढच्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. याचा मला मनापासून राग येतो.

माझं मत मी लपवलं नाही. उरलेल्या, वाया जाणाऱ्या वस्तूतून जे निघेल ते आधी काढावं. आमच्याच गल्लीत बंद पडलेले तीन गोबरगॅस आहेत. दोन घनमीटरच्या टाकीला चार-पाच जनावरांचं रोजचं ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. त्यातून दिवसाला निघणारा गॅस सिलिंडरच्या पाऊण-एक किलो गॅसएवढा. म्हणजे साधारण सोळा दिवसांत एक सिलिंडर वाचतो. आणि नत्र जात नाही, टाकीतून बाहेर पडणाऱ्या शेणकाल्यातून, म्हणजे स्लरीतून, शेतालाच परत मिळतं. "शेण जळून जातं, मग भाताला काय घालायचं?" या जुन्या शंकेपायीच एक टाकी बुजवली होती, असं तिच्या मालकांनी त्या रात्री सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांना ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आम्हा शिक्षकांनीही नाही.

उठता उठता मागच्या रांगेतून एक प्रश्न आला. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात इथेनॉलसाठी सडके बटाटे चालतात, हे मी वाचून दाखवलं होतं. "बाई, किडकं बटाटं चालतंय, मग आमचं किडकं रताळं का नाही?" दरवर्षी भुंग्याने पोखरलेली रताळी आमच्या बांधांवर ढिगाने फेकली जातात. मी तो प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गाच्या फळ्यावर लिहिला.

तो अजून पुसलेला नाही. रताळ्यांचा हंगाम सुरू झाला की नववीची मुलं एक किलो किडकी रताळी उकडून कुस्करणार आहेत, त्यात पिष्टाची साखर करायला मोड आलेल्या नाचणीचं पीठ आणि साखरेचं इथेनॉल करायला यीस्ट घालून, निघणारा वायू धरायला बाटलीच्या तोंडाला फुगा बांधणार आहेत. शेजारी साखरेच्या पाण्याची दुसरी बाटली, तिलाही तसाच फुगा. फुग्यांचा घेर रोज दोऱ्याने मोजायचा. दोरा आणि वही त्या साबण ओळखणाऱ्या मुलीकडे दिली आहे.