आयुष्य राहिलं तर

जमैकातल्या मँडव्हिलला मिनीबस सोडून मी लाल नंबरप्लेटच्या टॅक्सीत बसले. आपल्याकडचं वडापच म्हणा, पाच जणांच्या जागेत सात. स्पर ट्री हिलचा घाट उतरताना चालकाला विचारलं, ‘ट्रेझर बीचला दुपारपर्यंत पोचू ना?’ तो म्हणाला, ‘इफ लाइफ स्पेअर.’ आयुष्य राहिलं तर. ऐन वळणावर हे ऐकून पोटात गोळाच आला.

पण जमैकात उद्याविषयीच्या बहुतेक वाक्यांना हे शेपूट असतंच. भाजीवाली म्हणते, शाळकरी पोरही म्हणतो.

ट्रेझर बीचला मी ज्यांच्या घरी उतरले त्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. ३ जुलै २०२४ला बेरिल चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं आणि त्यांच्या घराचं छप्पर उडालं. मी गेले फेब्रुवारी २०२५मध्ये. अर्ध्या घरावर नवे पत्रे चमकत होते, उरलेल्यावर निळी ताडपत्री. ‘बाकीचे पत्रे पुढच्या आठवड्यात, इफ लाइफ स्पेअर,’ त्या म्हणाल्या.

‘आणि यंदा पुन्हा वादळ आलं तर?’ मी विचारलं.

त्या कांद्याची पात निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘काउ टेल कट ऑफ, गॉड अल्माइटी ब्रश फ्लाय फी ईम.’ शेपूट तुटलेल्या गाईच्या माशा देव हाकलतो. हीच म्हण घानातल्या अकान लोकांतही आहे. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर ती समुद्र ओलांडून आली. ज्यांचं सगळंच हिरावून घेतलं होतं, त्यांनी ही म्हण जपली, हे मनातून जात नाही.

देवावर भार टाकून त्या बसल्या मात्र नव्हत्या. डोंगराआड असल्यामुळे इथे पाऊस कमी. म्हणून तांबड्या मातीतल्या पातीच्या वाफ्यांवर वाळलेलं गिनी गवत अंथरतात, ओल टिकते. नव्या पत्र्यांखालचे वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडले होते. मला मंगळवेढ्याची माझी आजी आठवली. बियाणं निवडून, पाभर दुरुस्त करून ठेवायची आणि मग म्हणायची, ‘त्याच्या मनात असेल तर पेरू.’ पुण्यात आल्यापासून माझ्या तोंडून हे वाक्य निघणं बंदच झालं होतं.

शेवटच्या रात्री मी त्यांना सांगितलं, की उपचार संपले आहेत, पण परतल्यावर सहा महिन्यांची तपासणी आहे आणि मला झोप लागत नाही. सगळं ठीक होईल, असं त्या म्हणाल्या नाहीत. चष्मा लावला, माझं नाव अक्षर-अक्षर विचारून घेतलं आणि पत्र्यांच्या पावतीमागे लिहिलं. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत घेण्यासाठी. ‘ण’ त्यांना काही केल्या जमेना. तो आम्ही दिव्याखाली चार वेळा म्हटला.