लॅपटॉपमध्ये बिघाड नव्हता : टीव्हीवरील दाव्यांविरुद्धच्या तक्रारीचा माझा अनुभव

माझ्या आईने टीव्हीवरील खरेदीच्या एका कार्यक्रमातून नातीसाठी मागवलेला लॅपटॉप आम्ही परत केला, तेव्हा तो पूर्णपणे चालू स्थितीत होता. कळफलक, पडदा, बॅटरी, चार्जर यांपैकी कशातही बिघाड नव्हता, आणि नेमक्या याच कारणामुळे सुरुवातीचे काही महिने आमची तक्रार कोणी धड नोंदवून घेत नव्हते. वस्तू बिघडलेली नसतानाही ग्राहकाची फसगत झालेली असू शकते, हे कागदावर कसे मांडावे लागते, ते मला या प्रकरणात पायरीपायरीने समजत गेले. टीव्हीवर पाहून संगणकाचे सामान घेणारी घरे आजही पुष्कळ आहेत, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

माझी भाची पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेच्या वर्गात आहे. तिला ऑटोकॅड या संगणकावर आराखडे काढण्याच्या प्रणालीसाठी लॅपटॉप हवा होता आणि आईने, जी निवृत्त शिक्षिका आहे, तो स्वतःच्या पेन्शनमधून घ्यायचे ठरवले. कार्यक्रम मराठीत होता आणि निवेदकाने अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले होते की या लॅपटॉपमध्ये एक टीबी स्टोरेज आहे, २.८ गिगाहर्ट्झचे दोन कोअर आहेत, ‘म्हणजे साडेपाच गिगाहर्ट्झहून जास्त ताकद’, फुल एचडी आहे, ऑफिस मोफत आहे, रॅम हवी तेव्हा वाढवता येते आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना दुसरे काही घ्यायची गरजच पडणार नाही. आईने फोनवर मागणी नोंदवताना ‘ऑटोकॅड चालेल ना?’ असे विचारले होते आणि पलीकडून ‘सगळे चालेल’ असे उत्तर आले होते. लॅपटॉप घरी आल्यावर १९,९९९ रुपये रोख देऊन तिने बिल घेतले.

भाचीने ऑटोकॅड बसवायचा प्रयत्न केला आणि विंडोजने नकार दिला, कारण लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये होता, म्हणजे त्यात केवळ विंडोजच्या स्टोअरमधील प्रणालीच बसवता येत होत्या. एस मोडमधून विनामूल्य बाहेर पडता येते, मात्र पुन्हा त्यात जाता येत नाही, आणि कार्यक्रमात याचा उल्लेखही नव्हता. हे निमित्त झाले आणि आम्ही एकेक दावा तपासायला बसलो. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडल्यावर एकूण जागा ५८ जीबीच्या आसपास दिसली, कारण आत ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे माहिती साठवणारी, चिप होती. विंडोज आणि तिचे अपडेट वजा जाता त्यातील निम्म्याच्या आसपासच जागा भाचीच्या वाट्याला उरत होती. एक टीबीचा, म्हणजे सुमारे हजार जीबींचा, शोध घेतला तेव्हा खोक्यातील एका कार्डावर तो सापडला : ती इंटरनेटवरील क्लाउडची जागा होती, ऑफिसच्या वर्गणीबरोबर मिळणारी, आणि ती वर्गणी एका वर्षाची होती. मोफत ऑफिस म्हणजेही तीच वर्गणी. वर्ष संपले की दोन्ही गोष्टी पैसे भरून चालू ठेवायच्या होत्या.

प्रोसेसर सेलेरॉन एन४०२० होता. तो दोन कोअरचा, म्हणजे काम करणाऱ्या दोन भागांचा, आहे हे खरे. २.८ गिगाहर्ट्झ हा आकडाही त्याच्या माहितीपत्रकात आहे, पण तो थोड्या वेळापुरता गाठता येणारा कमाल वेग आहे आणि मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ आहे. दोन कोअरचे वेग एकत्र करून साडेपाचाचा आकडा काढण्याला तर तांत्रिक अर्थच नाही, कारण दोन कोअर म्हणजे दोन कामे एकाच वेळी चालू शकतात, एकच काम दुप्पट वेगाने होत नाही. पडद्याचे रिझोल्यूशन १३६६ × ७६८ होते, तर फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०. कार्यक्रमात पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या इंग्रजी पट्टीत ‘फुल एचडी व्हिडिओ सपोर्ट’ असे शब्द होते, म्हणजे तसा व्हिडिओ चालतो इतकेच. रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी तात्पुरती मेमरी, ४ जीबी होती. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले दिसले, ज्याचा अर्थ रॅम आतल्या मुख्य पाटीवरच (मदरबोर्डवर) डाग देऊन कायमची जोडलेली आहे. टिळक रस्त्यावरील ओळखीच्या तंत्रज्ञाने त्याच्या कामाच्या पद्धतीने तपासून रॅमसाठी वेगळी जागा नसल्याचे लेखी दिले. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी किमान ८ जीबी रॅम, २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा मूळ वेग आणि १९२० × १०८० चा पडदा सांगितलेला असतो. या लॅपटॉपला यांतली एकही अट पूर्ण करता येत नव्हती.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटली की निवेदकाने सांगितलेला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठे ना कुठे खरा होता. एक टीबी खरा होता, पण लॅपटॉपचा नव्हता. २.८ खरा होता, पण नेहमीच्या वेगाचा नव्हता. फुल एचडी खरे होते, पण पडद्याचे नव्हते. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने असे आकडे उलगडून पाहायला तंत्रज्ञ असायला हवे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

कंपनीच्या ग्राहक सेवेशी पहिले बोलणे झाले ते असे. ‘मॅडम, लॅपटॉप चालू होतोय ना?’ ‘होतोय.’ ‘मग डिफेक्ट काय लिहू?’ त्यांच्या परतीच्या नियमात केवळ बिघडलेली किंवा चुकीची आलेली वस्तू बदलून देण्याची तरतूद होती, म्हणून प्रत्येक वेळी तक्रार ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यानिशी बंद होत राहिली. नंतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथून ती कंपनीकडे गेली आणि उत्तर आले की वस्तू खोक्यावरील वर्णनानुसारच आहे. ते उत्तर चूक नव्हते. खोक्यावर ६४ जीबी असेच छापलेले होते, पण खोके आईच्या हाती पैसे दिल्यानंतर आले होते.

यानंतर आम्ही ग्राहक पंचायतीच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना भेटलो. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच सुरू केलेली ही चळवळ शहरात अजून टिकून आहे आणि मार्गदर्शनाला माणसे भेटतात, ही पुण्याची मोठी जमेची बाजू आहे. त्यांनी आमचा अर्ज वाचून बाजूला ठेवला आणि आईला म्हणाले, ‘बाई, तुम्ही लॅपटॉप हळू चालतो असे लिहिले आहे. हळू चालणे हा दोष ठरवायला परीक्षण लागेल आणि त्यात तुम्ही अडकाल. तुमची तक्रार यंत्राविरुद्ध आहे की बोलण्याविरुद्ध, ते आधी ठरवा.’ ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची आणि अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या सदोष वस्तूपासून वेगळी आहे, हे त्यांनी कलमे काढून दाखवले. मग मी अर्ज नव्याने लिहिला. कागदाच्या डाव्या बाजूला निवेदकाचे वाक्य जसेच्या तसे, कार्यक्रमातील मिनिटासह, मध्ये यंत्रात प्रत्यक्ष काय आहे, आणि उजवीकडे त्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे, अशी मांडणी केली. ‘फसवणूक’, ‘लूट’ असे शब्द सगळे काढून टाकले.

निवेदकाची वाक्ये मिळवणे मला वाटले होते त्याहून सोपे गेले. असे कार्यक्रम ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा दाखवले जातात, त्यामुळे सेट-टॉप बॉक्समध्ये एक प्रक्षेपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नोंदवून घेता आले आणि मोबाइलवरही त्याचे सलग चित्रण केले. पुरावा म्हणून ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक चित्रण करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा, लिहायची असते, त्यामुळे फाइलमध्ये नंतर बदल झालेला नाही हे पडताळता येते. ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या मंडळात, पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, तरीही हे प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून जोडलेले असणे आम्हाला उपयोगी पडले, कारण चित्रणाच्या खरेपणावर समोरून आक्षेप आलाच नाही.

कंपनीला पोच घेऊन नोटीस पाठवली, उत्तर आले नाही, आणि आईच्या नावाने तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून दाखल केली. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. बिलामागे वाद दुसऱ्या एका शहरातील न्यायालयातच चालेल असे बारीक अक्षरांत छापले होते, परंतु २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे पुणे सोडून जावे लागले नाही. वयस्कर माणसांसाठी कायद्यातील हा बदल फार मोलाचा आहे.

जाबदेणार कंपनीने लेखी म्हणण्यात दोन मुद्दे मांडले. पहिला असा की संगणकात १००० आणि १०२४ अशा दोन पद्धतींनी मोजणी होते, म्हणून जागा कमी दिसते. मी उत्तरात आकडेमोड करून दाखवली की त्या फरकाने एक टीबीचे सुमारे ९३१ जीबी दिसतात आणि ६४ जीबीचे सुमारे ५९.६, पण एक टीबीचे ५८ जीबी कोणत्याही मोजणीने होत नाहीत. दुसरा मुद्दा महत्त्वाचा होता : क्लाउड, एक वर्ष, सपोर्ट हे सर्व पडद्यावरील पट्टीत लिहिलेले होते, तेव्हा काहीही लपवलेले नाही. यावर ९ जून २०२२ रोजी अधिसूचित झालेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे कामी आली. खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा, दावा बोलून केला असेल तर खुलासा त्या बोलण्याबरोबरच दिसावा, आणि मूळ दावाच दिशाभूल करणारा असेल तर खुलाशाने तो दुरुस्त होत नाही, असे त्यांत म्हटले आहे. आमच्या कार्यक्रमात बोलणे मराठीत होते आणि पट्टी इंग्रजीत. शिवाय ‘एक टीबी’ उच्चारला जात असताना पट्टीत चक्क हप्त्यांची माहिती धावत होती. चित्रणातील ती जागा मी मिनिट-सेकंदासह लिहून दिली.

सुनावणीत आईला विचारण्यात आले की लॅपटॉपमध्ये नेमका दोष काय आहे. ती उभी राहून म्हणाली, ‘लॅपटॉप बिघडला आहे असे मी कुठेच म्हटलेले नाही. मला जे सांगून पैसे घेतले, ते त्यात नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.’ एवढेच ती बोलली. आमच्या सगळ्या पानांचा अर्थ त्यात आला होता.

पुढे कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्यास दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली. पहिल्या बैठकीत कंपनीने लॅपटॉप आईकडेच ठेवून काही रक्कम परत देण्याची तयारी दाखवली. आईने ती नाकारली, कारण त्या लॅपटॉपवर नातीचा अभ्यास होणारच नव्हता. पुढच्या बोलण्यात पूर्ण किंमत, तक्रारीचा खर्च आणि लॅपटॉप त्यांच्या खर्चाने घरून नेणे, एवढ्यावर तडजोड झाली. पुरसीस, म्हणजे तडजोडीचे लेखी निवेदन, दाखल झाली आणि आयोगाने त्यानुसार आदेश दिला. रक्कम आईच्या खात्यात जमा झाल्यानंतरच लॅपटॉप द्यायचा, अशी अट मी तडजोडीत लिहून घेतली होती, आणि तसेच झाले.

तडजोडीत दाव्यांच्या खरेखोटेपणावर निर्णय होत नाही, ही तिची मर्यादा आहे. आमचे पैसे परत आले त्याच आठवड्यात तो कार्यक्रम पुन्हा दाखवला जात होता, तेच वाक्य, तोच एक टीबी. कायद्याच्या कलम १७ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे कोणालाही करता येते, स्वतःचे नुकसान झालेले असण्याची गरज नाही, आणि प्राधिकरणाला जाहिरात थांबवण्याचा व पहिल्या उल्लंघनासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. म्हणून तोच तीन रकान्यांचा तक्ता, नव्या प्रक्षेपणाचे चित्रण आणि आयोगाच्या आदेशाची प्रत घेऊन मी आणि आई पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. या अर्जात आम्ही स्वतःसाठी काही मागितलेले नाही. ‘एक टीबी’ म्हणताना तो क्लाउडवरचा आणि एका वर्षाचा आहे हे त्याच वाक्यात मराठीतून सांगितले जावे, प्रोसेसरचा मूळ वेग सांगितला जावा आणि कोअरच्या वेगांची बेरीज बंद व्हावी, एवढ्याच मागण्या त्यात आहेत. अर्जाच्या आमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला असून, त्या अर्जाचा पाठपुरावा आता आई स्वतः करते आहे.