रुखवतातला पोळपाट

जुनी गाडी बाळगणाऱ्याला एक रोग जडतो. आपल्याला सगळं येतं, असं वाटायला लागतं. मला तो गेल्या मेपर्यंत होता.

आमची स्कॉर्पिओ २००८ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओच्या खेपा घालून नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवून आणली. इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या अंगणात तिचं ऑइल, फिल्टर, कूलंट सगळं मीच बदलतो. तुळशीपाशी ऑइलचा एक डाग आहे, त्याबद्दल आई अजून बोलते. चुलतबहिणीच्या लग्नाला पुण्याला निघालो तेव्हा मागे एक लोखंडी पेटीच होती: जादा फॅन बेल्ट, फ्यूज, होज क्लॅम्प, जंपर केबल, ओढायचा पट्टा, पंक्चरच्या भोकात भरायची रबरी बत्ती, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. पंपावरून बायको हसली होती. बाकीची जागा आत्याच्या रुखवताच्या सामानाला.

पहाटे राऊला पोहे. मानपूरनंतरचा उतार गिअरवर उतरवला, खलघाटला आत्याने नर्मदेला हात जोडले, इथवर काही सांगण्यासारखं नाही. जुलवानियाच्या पुढे मागून फट् आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढू लागली.

टायरची बाजू फाटली होती. माझी पंक्चरची बत्ती तिथे काही कामाची नाही. ती फक्त तळव्याच्या भोकाला चालते, बाजूची भिंत फाटली की टायर गेलाच. ठीक आहे, स्टेपनी आहे ना! हॅझर्ड लाइट लावले, लाल त्रिकोण मागे बराच लांब ठेवला, चाकांना दगड लावले, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले. आत्या गाडीबाहेर सावलीत बसून बघत होती, त्यामुळे मी जरा थाटातच होतो.

स्टेपनी आमच्या गाडीत मागे, पोटाखाली टांगलेली असते. मागून लांब दांडा घालून फिरवायचा, की साखळीने खाली येते. मी दांडा फिरवला. दांडा वाकला. साखळी हलली नाही. आत वाकून पाहिलं तर चिखल आणि गंजाचा एकच गोळा झालेला. इतकी वर्षं मी बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक करत होतो, खाली वाकून बघितलंच नव्हतं. गाडीचा दोष नाही, दर पावसाळ्यानंतर एकदा उतरवून ग्रीस लावायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मला सोळा वर्षांत मिळाली नाहीत.

थोड्या अंतरावर एक ट्रक उभा होता, शेजारी स्टोव्हवर रोट्या चालल्या होत्या. ड्रायव्हर उठून आला, खाली डोकावला आणि इतकंच म्हणाला, "आखिरी बार कब उतारी थी?" मी उत्तर दिलं नाही. त्याने बाटलीभर डिझेल आणून गंजावर ओतलं, विडी संपेपर्यंत थांबला, हातोडीने हलके ठोके दिले, मग दांडा मागेपुढे, मागेपुढे. स्टेपनी धप्पकन पडली. तिच्यावर बाजूला चार आकडे होते: ३००८. म्हणजे २००८च्या तिसाव्या आठवड्यातला टायर. रस्त्याला कधी लागलाच नव्हता, तरी बारीक भेगा पडल्या होत्या, आणि हवा जवळपास नाहीच.

पंप बरोबर होता ते बरं झालं. बायकोला फोन केला नाही, पण मनात आलं.

आता जॅक. कडेची माती मऊ, जॅक वर जायच्याऐवजी आतच रुतायला लागला. फळी हवी होती. पेटीत सगळं होतं, फळी नव्हती. आत्या उठली, रुखवताच्या गाठोड्यातून सागवानी पोळपाट काढला आणि म्हणाली, "उलटा ठेव, पाय वर. मधे बसेल बघ." बसला. नव्या नवरीचा पोळपाट मातीत, तीन पाय आभाळाकडे, त्यांच्यामध्ये बॉटल जॅक आणि वर आमची स्कॉर्पिओ! मी वर बघितलंच नाही.

ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. आत्याने लोंगी शेवेचा पुडा पुढे केला तो मात्र घेतला, आणि त्याबदल्यात तिला गरम रोटी दिली. हॉटेलात भांडी धुवून घेणारी माझी आत्या महामार्गाच्या कडेला उभी राहून रोटी-शेव खात होती. तिचा तो चेहरा मला घाटापेक्षा जास्त आठवतो.

त्या म्हाताऱ्या स्टेपनीवर चाळीसच्या वेगाने सेंधव्यापर्यंत गेलो. तिथे नवा टायर घेतला. भाव नाही विचारला, आकडे आधी वाचले. मग बिजासनचा घाट, शिरपूर, धुळे, रात्री उशिरा पुणे. लग्न, पंगती, आहेर सगळं छान झालं.

रुखवतात पोळपाट मांडला होताच. मागच्या बाजूला जॅकचा गोल वण उमटला होता, म्हणून आत्याने तो अजिबात हलवू दिला नाही. वर बेसनाच्या लाडवांची परात ठेवून शेजारीच खुर्ची टाकून बसली.