पुराच्या पिशवीतलं घड्याळ

सांगलीत मे महिन्याच्या शेवटी पापड-लोणची आवरली की आमच्या घरी अजून एक काम निघतं, ते म्हणजे पुराची पिशवी भरायची. २०१९ नंतर गावभागातल्या बऱ्याच घरांत ही पिशवी कुणी न सांगताच आली. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, आता बारा फूट जास्त म्हणजे काय हे ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं त्यांना आकडा न सांगताही कळतं. तर पिशवीत घराचे कागद, आधार कार्डं, सासूबाईंच्या गोळ्या, टॉर्च, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या, काडेपेटी दोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सुट्टे पैसे. यंदा मी यादीत घड्याळ लिहिलं आणि नवरा म्हणाला, "मोबाईलमध्ये वेळ दिसते की गं."

दिसते ना, चार्जिंग असेपर्यंत. पाणी वाढायला लागलं की वीज बंद करतातच, करावीच लागते, आणि मग घरातले सगळे मोबाईल आणि एक पॉवर बँक एवढ्यावरच सगळं येतं. अशा वेळी शहाणपणाचं काम म्हणजे फोन बंद ठेवायचा आणि ठरलेल्या वेळी दहा मिनिटं चालू करायचा, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला म्हणा, म्हणजे पुण्यातली नणंदही तेव्हाच फोन लावेल, उगाच दिवसभर "आउट ऑफ कव्हरेज" ऐकून रडत बसणार नाही. आता फोन बंद असताना आठ वाजले हे कळणार कसं? वेळ बघायला म्हणून फोन चालू केला की तो आधी नेटवर्क शोधत बसतो, मग ग्रुपवरचे दोनशे मेसेज येऊन पडतात, त्यातला एक तरी धरण फुटल्याचा असतो, आणि वेळ बघायला उचललेला फोन अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो. यावर नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. (असतं तरी मी ऐकलं नसतं, हा भाग वेगळा.)

पण घड्याळाचं मोठं काम वेगळंच आहे. पुरात किती वाजले याला फारसा अर्थ नसतो, कुठे ऑफिसला जायचंय. अर्थ असतो तो मधे किती वेळ गेला याला. कोयनेतून विसर्ग इतके हजार क्युसेक, पाऊस इतका, हे सगळं ऐकून आपल्या जिन्यात काय होणार ते कळत नाही, ते जिन्यातच मोजावं लागतं. पाणी टेकलं तिथे भिंतीवर रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. दोन वाजता तिसरी पायरी, चार वाजता चौथी, पायरी साधारण सात इंचांची, म्हणजे तासाला साडेतीन इंच. असंच चाललं तर वरच्या मजल्याला किती वेळ आहे, अंधार पडायच्या आत बोटवाल्यांना हाक मारायची की रात्र काढता येईल, हा सगळा हिशोब त्या दोन वेळांवर. नुसतं "पाणी वाढलंय हो बरंच" म्हणणारे पाच जण प्रत्येक गल्लीत असतात, त्यांच्या म्हणण्याने माणूस घाबरतो तरी नाहीतर बसून राहतो तरी. मेडिक्लोरचंही तसंच, पाण्यात टाकून अर्धा तास थांबायचं असतं आणि तहान लागलेल्या पोराला अर्धा तास झाला असं तीन मिनिटांतच वाटतं. गोळ्यांच्या वेळा तर आहेतच.

एवढं पटल्यावर प्रश्न आला की घ्यायचं कुठलं. बाहेरच्या देशांत हा म्हणे मोठा छंद आहे, जगबुडीची तयारी करणारे लोक असतात, तळघरात वर्षभराचं धान्य आणि मनगटावर चावीचं घड्याळ, कारण अणुस्फोट झाला तर त्या लहरींनी इलेक्ट्रॉनिक घड्याळं बंद पडतील. असेल बाबा. आमच्याकडे जगबुडी कृष्णेतून येते, तिला यायला आधी दोन-तीन दिवस लागतात, आणि ती येते तेव्हा सोबत चिखल, डिझेल, गटार आणि कुणाचा तरी गॅस सिलेंडर घेऊन येते. त्यामुळे अणुस्फोट मी यादीतून काढला.

चावीचं घड्याळ मात्र लगेच काढता येईना, कारण घरात आहे. सासऱ्यांची एचएमटी जनता. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला कारखाना सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षं लग्नात जावयाला, निवृत्तीला साहेबाला आणि दहावी पास झाल्यावर पोराला एचएमटीच मिळायची, २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळं बनवणारी कंपनीच बंद करायचं ठरवलं. बाबा अजून रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतात. त्यांचं म्हणणं, "हिला सेल लागत नाही, काही लागत नाही, हीच ठेव." ऐकायला फार छान वाटतं. पण तिला बाबा लागतात ना! एकदा चावी दिली की दीड दिवस चालणार, म्हणजे धावपळीत एक सकाळ चुकली की दुसऱ्या दिवशी बंद, आणि एकदा बंद पडली की परत लावायला दुसरं घड्याळ लागणार. आतलं तेल काही वर्षांनी सुकतं, साफसफाई करून घ्यावी लागते, आणि तसं काम मनापासून करणारा घड्याळजी आता शोधावा लागतो, जिथे बसायचे तिथे मोबाईलचे कव्हर लटकतायत. स्पीकरजवळ ठेवलं आणि आतल्या केसासारख्या स्प्रिंगला चुंबकत्व लागलं की घड्याळ पुढे पळायला लागतं ते वेगळंच. बाजारात जुन्या एचएमटी स्वस्तात मिळतात पण त्यातल्या बऱ्याच डायल नव्याने रंगवलेल्या आणि आतले पार्ट चार घड्याळांचे, हौसेला ठीक आहे, चिखलाला नाही. बाबांना हे सगळं सांगितलं नाही. "तुमची कपाटात वर ठेवू, ती भिजायला नको" एवढंच म्हणाले, ते खूष झाले.

मग राहिली सेलवाली. क्वार्ट्झ घड्याळात एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते, त्यामुळे शे-दोनशेचं रस्त्यावरचं घड्याळसुद्धा चांगल्या चावीच्या घड्याळापेक्षा अचूक असू शकतं, महिन्याला पंधरा-वीस-तीस सेकंद इकडे तिकडे. म्हणजे स्वस्त घड्याळ चूक वेळ दाखवेल ही भीती नाहीच, भीती आहे ती पाणी आत जायची आणि पट्टा तुटायची. दुकानात गेलं की ते डायल दाखवतात, सोनेरी की चंदेरी विचारतात, आपण मात्र घड्याळ उलटं करून मागचं झाकण वाचायचं. नुसतं "वॉटर रेझिस्टंट" किंवा ३० मीटर लिहिलंय म्हणजे हात धुताना, पावसात चालेल, तीस मीटर बुडवायचं असा अर्थ अजिबात नाही. १०० मीटरवालं असेल तर पोहायलाही चालतं. पुराचं पाणी काही शंभर मीटर खोल नसतं हे मलाही कळतं, पण त्यातून वस्तू उचलताना, ढकलताना हात सतत आत-बाहेर होतो आणि पाण्याखाली चुकून बटण दाबलं गेलं तर हलक्या घड्याळाचं तिथेच संपतं. आणि झाकणाखालची ती रबराची रिंग! सेल बदलताना ती वाकडी बसली की १०० मीटर हे नुसतं नक्षीकाम उरतं.

चामड्याचा पट्टा तर नकोच, सांगलीच्या नेहमीच्या पावसातसुद्धा त्याला बुरशी येते, आणि गटाराचं पाणी प्यायलेलं चामडं धुऊन स्वच्छ होत नाही. प्लॅस्टिकचा पट्टा बरा, पण पाच-सात वर्षांनी कडक होऊन बरोबर भोकापाशी तुटतो. मला आवडला तो नायलॉनचा, एकसंध, घड्याळाच्या पाठीमागून, पट्टा अडकवायच्या दोन्ही पिनांखालून जाणारा, म्हणजे एक पिन निसटली तरी घड्याळ दुसरीवर लटकत राहतं. दोन घड्याळांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक दोन रुपयांच्या त्या पिनेत असतो, जाहिरातीत तिचा फोटो कुणी टाकत नाही.

कॅसिओची ती प्रसिद्ध काळी छोटी, एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून तशीच्या तशी मिळते. वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षं. मला ती फार आवडते, भाच्याच्या हातात आहे, पण तिचा लाइट म्हणजे डायलच्या एका कोपऱ्यात काजवा, आणि पाण्याच्या बाबतीत ती शिंतोड्यांपुरतीच. (तिला वर्षच माहीत नसतं, दर लीप वर्षी ती २८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्चवर उडी मारते. चार वर्षांतून एकदा, माफ आहे.) त्याच कंपनीची डब्ल्यू-८००एच थोडी महाग, पण १०० मीटर आणि दहा वर्षांचा सेल, आणि आकडे मोठे. दिसायला शाळेच्या पीटीच्या सरांसारखी. सोलरवालीचाही विचार केला, उन्हावर चार्ज होणारी, ऐकायला सगळ्यात भारी तीच. पण ती बंद पिशवीत, कपाटात, अंधारात ठेवायची वस्तूच नाही, काही महिन्यांत उपाशी मरते, ती घ्यायची तर रोज हातात घालणाऱ्याने घ्यावी.

इथेच पिशवीचा प्रश्न आला. टॉर्च पिशवीत ठेवता येतो, घड्याळ ठेवलं की त्याचा सेल कधी संपला ते कुणाला कळणारच नाही, आणि संपलेला सेल तसाच आत राहून पाझरला तर घड्याळही जातं. त्यात बटणं कुणाला येत नाहीत, नेमकं त्याच दिवशी अलार्म वाजायला लागतो आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून घड्याळ पिशवीच्या यादीतून खोडलं आणि डब्ल्यू-८००एच घेऊन मनगटावर आणलं, भांडी घासताना, बाजारात, सगळीकडे तेच. सोन्याचा मुलामा दिलेलं लग्नातलं होतं ते लग्नांनाच.

भाचा म्हणाला काट्याचं घ्यायला हवं होतं, त्याला कुठूनतरी कळलेलं की तासकाटा सूर्याकडे धरला की काटा आणि बारा यांच्या बरोबर मधे दक्षिण. तिकडे वर थंड देशांत सापडत असेल. सांगलीत मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यच आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे ऐन पावसाळ्यात ही युक्ती माणसाला सरळ उलट्या दिशेला धाडेल, शिवाय पूर आलेला असताना सूर्य दाखवेल त्याला मी दुसरं घड्याळ घेऊन देते. आणि दक्षिण शोधून करायचंय काय, नदी कुठे आहे ते दिसतच असतं.

घड्याळ दोन हजारांच्या जरा वर पडलं. बिलावरच पुढचा सेल बदलायचं साल लिहून ठेवलंय आणि सेलचा नंबरही, तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, मिळतो की नाही हे घ्यायच्या आधी बघितलं होतं. आता भांडण एकाच गोष्टीवरून आहे, ते दर तासाला बीप करतं. नवऱ्याला रात्री त्याचा त्रास होतो, तो म्हणतो बंद कर. सासूबाईंचं म्हणणं, राहू दे, रात्री दर तासाला बीप झालं की कुणीतरी टॉर्च घेऊन खाली जाऊन रेघ बघून येईल. "अहो आई, पूर जुलैत येतो, आत्ता मे आहे," तो म्हणाला. "मग आत्तापासूनच उठायची सवय कर," त्या म्हणाल्या, आणि बीप चालूच आहे.