चौदाजण, एकच आडनाव

प्रतापगडावर गाइड म्हणून मला 19 वर्षं झाली. तीच गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की तोंड आपोआप चालतं आणि डोकं पुढच्या गिऱ्हाइकाच्या मागं असतं. आम्ही गाइड आपसात तिला ‘कॅसेट’ म्हणतो. लोकांना ऐकायचा असतो अफजलखान, त्यामुळे त्याआधीची जावळीची, म्हणजे खालच्या मोऱ्यांच्या खोऱ्याची गोष्ट दोन मिनिटांत उरकायची. तिथला चंद्रराव मोरे माजला, ‘येता जावळी जाता गोवळी’ असं उद्धट पत्र धाडलं, महाराज आले, जावळी खलास. ‘खलास’ला मी हात झटकतो. हशा येतोच.

डिसेंबरातला रविवार होता. ट्रॅव्हलरमधून चौदाजण उतरले. त्यात काठी टेकत एक काका, नऊवारीतल्या एक आजी आणि तीन पोरं. काका म्हणाले, “खान नंतर. आधी जावळी जिथनं दिसते तिथं न्या.”

बुरुजावर गेलो, कॅसेट लावली, हात झटकला. कुणी हसलं नाही. पोरानं आजोबांकडं बघितलं. काका सावकाश म्हणाले, “दादा, आम्ही सगळे मोरेच.”

झटकलेला हात कुठं ठेवावा, मला कळेना. त्यात माझी आई मोऱ्यांची लेक. 19 वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं, याचंच नवल वाटलं.

“ते पत्र कुठं लिहिलंय?” काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. बखरीत आहे म्हणालो. मग कबूलही केलं, की ती बखर फार नंतरची, अस्सल पत्र ते नव्हे. मग म्हटलं, बसा, पुन्हा सांगतो.

चंद्रराव हे माणसाचं नाव नाहीच, तो आदिलशाहीनं दिलेला किताब. जावळीच्या गादीवर बसेल तो चंद्रराव. दौलतराव मोरे निपुत्रिक गेला, तेव्हा शिवथरच्या मोऱ्यांतला यशवंतराव दत्तक आला. त्याला गादीवर बसवायला महाराजांचाच हातभार होता. पुढं देशमुखीचे तंटे, इकडच्या गुन्हेगारांना तिकडं आसरा, असं करत बिनसलं. आणि खरं सांगायचं तर बिनसलं नसतं तरी जावळी घ्यावीच लागली असती. घाटावरून कोकणात उतरायच्या वाटा मोऱ्यांच्या हातात. रान असं, की वाटाड्या फितूर झाला तर आख्खी फौज हरवावी.

जानेवारी 1656 मध्ये जावळी पडली. “म्हणजे एका दिवसात खलास?” मघाच्या पोरानं विचारलं. माझाच शब्द माझ्या अंगावर आला. नाही रे बाबा. चंद्रराव निसटून रायरीवर गेला आणि तिथं टिकून राहिला. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार टिपणात, नोंद आहे, वैशाखात हैबतराव सिलिंबकर मध्ये पडले, तेव्हा चंद्रराव गड उतरला. “आणि ती रायरी म्हणजे कुठला गड?” मी विचारलं. कुणाला सांगता येईना. “रायगड,” म्हटल्यावर आजींनी पदर सावरला. 1674 चा राज्याभिषेक झाला तो डोंगर आधी मोऱ्यांकडं होता. ज्या बुरुजावर उभं राहून मी इतकी वर्षं मोऱ्यांची टवाळी केली, तो तर त्यांच्या वेळी नव्हताच. हा नुसता भोरप्याचा डोंगर. गड बांधला तो जावळी घेतल्यावर, मोरोपंतांच्या देखरेखीखाली.

एक प्रतापराव मोरे विजापुराला गेला आणि 1659 मध्ये अफजलखानाबरोबर परत आला, हेही सांगितलं. लपवायचं कशाला? काका म्हणाले, “असेल. भाऊबंदकी कुठं नसते?”

“वाडा कुठं होता?” आजींनी विचारलं. मी बोट केलं. खाली नुसतं हिरवं रान, वर धुरकट ऊन. “कुठं?” “त्या सोंडेच्या खाली, आजी, झाडीत.” त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. दिसण्यासारखं काही नव्हतंच. खाली भज्यांच्या टपरीवरचा वास वर येत होता, पोरं चुळबुळायला लागली होती, माझी पुढची पार्टी दोनदा फोन करून गेली. मी उचलला नाही.

खानाचा भाग मग दहा मिनिटांत संपवला. असं पहिल्यांदाच झालं.

पायऱ्या उतरताना काकांना आईचं माहेर सांगितलं. ते गाव त्यांना ठाऊक होतं. पैसे द्यायला लागले तसा मी हात मागं घेतला. “राहू द्या काका, आज नको.”

“काका कुणाला म्हणतोस? मामा लागतो मी तुझा,” असं म्हणत त्यांनी नोटा माझ्या खिशात कोंबल्या. “मामाकडनं भाच्यानं घ्यायचेच असतात.”