आमची वाटचाल: विलायती रायफल आणि तिचा चढता भाव

आजोबांनी नागपुरात बंदुकांचं दुकान काढलं तेव्हा हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. गिऱ्हाईक म्हणजे मालगुजार (इकडचे जमीनदार), वकील, खाणींवरचे साहेब आणि वनखात्याकडून शिकारीचा ब्लॉक, म्हणजे जंगलाचा नेमून दिलेला पट्टा, घेऊन चांदा-बालाघाटच्या जंगलात तंबू ठोकणारे शौकीन. विलायतेचा माल रीतसर यायचा. मालगुजारांच्या वाड्यात रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड या इंग्रजी कंपन्यांच्या रायफली. पगारदार माणूस इंग्रजी बीएसए किंवा चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो रायफल घ्यायचा. आज तिसऱ्या पिढीत मी तेच दुकान चालवतो, आणि नवं गिऱ्हाईक हटकून एकच विचारतं: साठ वर्षांच्या जुन्या ब्रनोला एवढे लाख कशाचे?

हा भाव आधी पार कोसळला होता, हे कोणाला खरं वाटत नाही. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यात सुरुवातीला काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने होते. ती फट १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. पण बाजाराला जे कळायचं ते सत्तरच्या दशकातच कळलं. मालगुजारी आधीच गेलेली, वाडे विकायला निघालेले, आणि माणसं कापडात गुंडाळलेल्या रायफली घेऊन बाबांकडे यायची, ‘किती द्याल?’ म्हणून. बारा बोअरची दुनळी, म्हणजे छऱ्यांची बंदूक, तरी खपायची, कारण रानडुकरं शेतात घुसतच होती. मोठ्या रायफलीकडे कोणी ढुंकून बघत नसे.

मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर, पंजाब पेटलेला असताना, सरकारने खाजगी माणसांसाठी बंदुकांची आयात बंद केली. बाबांनी त्या सुमारास परवान्यात बसेल तेवढा जुना माल उचलला, आणि दुकान तगलं ते त्यावर.

लोक म्हणतात, डॉलर वाढला, जकात वाढली, म्हणून किंमत वाढली. अहो, जकात लागायला माल बंदरावर तरी उतरायला हवा! कायमचा मायदेशी परतणारा माणूस आपली एखादी बंदूक जकात भरून आणू शकतो, पण ती त्याला हयातीत विकता येत नाही. नावाजलेल्या नेमबाजांना स्पर्धेची हत्यारं आणायची सवलत आहे. तीही अटींनी बांधलेली. माझ्या कपाटापर्यंत यातलं काही पोचत नाही. म्हणजे देशात तेव्हा जेवढ्या विलायती शिकारी रायफली होत्या, तेवढ्यांवरच आजचा बाजार चालतो. तळ्याला मिळणारा ओढा अडवला आणि खालचा पाझर मात्र चालूच राहिला, तशी ही गत.

हा पाझर मी डोळ्यांनी बघतो. वडील वारले, मुलगा परदेशात, परवान्याची मुदत उलटली, रायफल पोलीस ठाण्यात जमा. तिथे ती वर्षानुवर्षं पडते. पावसाळ्यामागून पावसाळे, नळीत तेलाचा थेंब नाही. मग कधीतरी वारस जागा होतो आणि आमचे मिस्त्री नळी उजेडाकडे धरून आत बघतात, तर गोळीला फिरकी देणारे आतले आटे गंजाने खाल्लेले. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा नवा बसवता येतो, स्प्रिंग आणि पिन लेथवर करून घेता येते, काळा रंग पुन्हा चढवता येतो. नळी कुठून आणणार?

उलट ज्या घरात रायफल नीट आहे तिथून ती बाहेरच पडत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली की वारसाला त्याच हत्याराचा परवाना मागता येतो. चांगली सोय आहे, फक्त बाजारात येणारा माल तिने आणखी आटवला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा वाटलं होतं की आता माल सुटेल. सुटला, पण कोणता? तिघांतलं एक काढायचं म्हटल्यावर लोकांनी देशी एकनळी आणून दिली आणि ब्रनो ठेवून घेतली. बारा बोअरचा भाव बसला, विलायती रायफलीचा आणखी चढला. आणि एवढं करून कोणी विकायला तयार झालाच, तर दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. तेवढ्यात अर्ध्यांचा विचार बदलतो.

पण विलायती म्हटली की सोनं, असं नाही. भाव खरा ठरतो काडतुसावर. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .४५० बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) बंद केलं, ती गोळी बंडखोरांच्या हाती पडेल या धास्तीने. म्हणून लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७० असे नवे बोअर काढले. त्यांतली एखादी दुनळी रायफल लंडनच्या लिलावात डोळे पांढरे करील. इथे तिला गिऱ्हाईक मिळता मिळत नाही, कारण गोळीच नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे तिकडचा भाव इकडे काही कामाचा नाही. याउलट .२२ आणि .३०-०६. काडतूस देशात बनतं, म्हणून ब्रनोची .२२ दुकानात आली की फोन सुरू होतात. नाव मोठं आणि भाव छोटा असलेल्या रायफली मी स्वतः हाताळल्या आहेत. नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट यांच्या .२७५ रिग्बीची गोष्ट सांगून कोणी विकायला आला, तरी मी आधी विचारतो, सोबत काडतुसं किती?

घेणारे कोण? शिकारी तर नाहीतच. जमीन विकून पैसा आलेले, बांधकामवाले, काही डॉक्टर, आणि थोडे खरे जाणकार, जे रेंजवर कागदाच्या लक्ष्यावर समाधान मानतात. यांना ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल दाखवली तर नाक मुरडतात. मला हा अन्याय वाटतो. रायफल दणकट आहे, नवी मिळते, काडतूस आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्याचं. पण विलायती नळीवर कोरलेल्या अक्षरांचे पैसे मोजायला लोक तयार असतात, आणि दुकानदाराने त्यांना किती अडवायचं?

खरं सांगायचं तर आमचं घर या महाग रायफलींवर चालत नाही. वर्षाकाठी हाती लागतात त्या मोजक्याच. चालतं ते दुरुस्तीवर, काडतुसांवर, लोकांची हत्यारं सांभाळण्याच्या भाड्यावर. आणि आता एअर रायफलवर. कोल्हापूरच्या मातीतून नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत पुढे आल्या. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, त्यानंतर मुलांना घेऊन येणारे आईबाप वाढले. त्या जर्मन एअर रायफलीही महागतात, पण ते युरो, जकात आणि वाहतूक यांचं साधं गणित असतं. बिल समोर ठेवून मला ते समजावता येतं.

मुलगी आता दुकानात बसते आणि सगळी नोंद संगणकावर ठेवते. घरात आजोबांची रायफल निघाली म्हणून विचारायला येणाऱ्यांना ती आधी परवाना आणि वारसाची कागदपत्रं आणायला सांगते. परवान्याची मुदत संपली असेल तर रायफल जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. भावाची गोष्ट त्यानंतर.